मुळावर घाव

घाणेरीचे झुडूप तुम्ही नक्कीच पाहिले असेल. माळावर, रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या उतारावर ते हमखास आढळते. काही ठिकाणी त्याला टणटणी म्हणतात. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुले किती छान दिसतात! पण पान चुरगळले, की उग्र वास येतो. म्हणून तर हे नाव पडले.

ही वनस्पती मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली. बागेतून ती कुंपणावर गेली आणि कुंपणावरून जंगलात शिरली. भारतात वाघ राहतात त्या प्रदेशापैकी सुमारे ४० टक्के भागाला तिचा धोका आहे, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

तुम्ही म्हणाल, "झुडूप वाढले तर बिघडले कुठे? जंगल हिरवेच दिसते ना!" दिसते खरे, पण तिची पाने विषारी असतात. तिच्या दाट जाळीखाली गवतही वाढत नाही. गवत नसेल, तर हरणे तेथे कशाला येतील? आणि हरणे नसतील, तर वाघाने काय खावे?

मग ती तोडून का टाकत नाहीत? तोडली, तर बुंध्यातून पुन्हा फुटते. जाळली, तरी फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात एक साधी रीत वापरली. कुदळीने जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचे. मग सगळे झुडूप उचलून उलटे ठेवायचे, मुळे वर आणि फांद्या खाली. मुळांना माती मिळाली नाही, की झुडूप वाळून जाते. यंत्र नको, औषध नको! मोकळ्या जागेत तिथलेच गवत लावायचे.

पण काम एवढ्यावर संपत नाही. घाणेरीची काळी फळे पक्षी आवडीने खातात. उर्दू शायरीत बुलबुलाचे नाव नेहमी येते. आपल्याकडचा बुलबुल मात्र या कामात घाणेरीचा मित्र आहे! पक्षी झाडावर बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया खाली पडतात. म्हणून नवी रोपे शोधणारे लोक आधी मोठ्या झाडांखाली पाहतात. पावसाळ्यानंतर ओल्या मातीतून ही रोपे हातानेही उपटता येतात. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच झाडांखाली जाऊन पाहावे लागते.