मुलं आधी आपलं ऐकतात

पार्सिपनीतल्या आई-बाबांनो,

मूल काहीही सांगायला आलं तरी आपण शांतपणे ऐकून घेऊ, असं आपल्यापैकी प्रत्येकाला मनापासून वाटतं. पण मूल सांगायला येण्याच्या कितीतरी आधीपासून, वर्षानुवर्षं, ते आपलं बोलणं ऐकत आलेलं असतं. मला बोलायचं आहे ते या आधीच्या वर्षांबद्दल. विषय आडून आडून नको, सरळच सांगते: आपल्या मराठी घरांतली गे, लेस्बियन, ट्रान्स मुलं. ती आहेत. लेक हायवाथाच्या अपार्टमेंटांत आहेत, टाउनहाउसांत आहेत, गणपतीत ढोल वाजवणाऱ्यांत आणि मराठी शाळेत बाराखडी गिरवून गेलेल्यांतही आहेत.

शनिवारच्या पॉटलकहून घरी येताना आपण दोघं पुढे बोलत असतो, मागे चौदा-पंधरा वर्षांचं मूल फोनमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. कुणाच्या तरी मुलाचा विषय निघतो. "तो तसला आहे म्हणे." "बिचारे आई-बाप." "इथे राहिलं की हे असंच व्हायचं." रूट ४६च्या दोन सिग्नलांमध्ये हे बोलून होतं आणि घरी पोचेपर्यंत आपण विसरूनही जातो. मागचं मूल स्वतः तसं असेल, तर ते विसरत नाही. आपल्याबद्दल कळलं तर उद्या माझेच आई-बाबा 'बिचारे' होणार, एवढं त्याच्या मनात पक्कं बसतं. नंतर आपण कितीही प्रेमाने विचारलं, "काही होतंय का तुला?" तरी उत्तर ठरलेलं असतं: "नथिंग, आई."

आपल्या मुलांवर आणखी एक ओझं आहे, ते त्यांच्या अमेरिकन मित्रांवर नसतं. एच-१बीची मुदतवाढ, ग्रीन कार्डची न संपणारी वाट, आजी-आजोबांच्या शेवटच्या आजारपणात वेळेवर न मिळालेलं तिकीट, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. "तुमच्यासाठीच तर आलो इथे," हेही ऐकलेलं असतं. एवढं ज्यांनी सोसलं त्यांना आपण आणखी दुःख द्यायचं नाही, म्हणून मूल स्वतःला दडवतं. आणि दडवणारं मूल ढासळलेलंच दिसेल असं नाही. पुष्कळदा ते सगळ्यात आज्ञाधारक असतं. मार्क उत्तम, पियानो उत्तम, कुणाला तक्रारीला जागा नाही.

त्यातून आपलं वर्तुळ लहान. छप्पन हजार वस्तीच्या या गावात संक्रांतीला, पाडव्याला, गणपतीला भेटणारी माणसं तीच ती. शाळेत अशा मुलांसाठी क्लब असतो, पण आपलं मूल तिथे जायला कचरतं, कारण त्याच दारावरून आपल्या ओळखीच्यांची मुलगी रोज जाते. शाळेत ते 'इंडियन' म्हणून थोड्यांतलं, आणि आपल्यांत आल्यावर पुन्हा वेगळं. दोन्हीकडे त्याला जपून वागावं लागतं.

२०१० सालची एक गोष्ट आपल्याच राज्यातली, न्यू जर्सीतली आहे, आणि मोठ्या मुलांच्या आई-बाबांना आठवत असेल. रिजवुड इथून अर्ध्या तासावर. तिथला अठरा वर्षांचा टायलर क्लेमेंटी त्या वर्षी रटगर्स विद्यापीठात शिकायला गेला. कॉलेजला जाण्याच्या थोडे दिवस आधी त्याने आपण गे असल्याचं घरी सांगितलं होतं. वसतिगृहात तो एका पुरुषाबरोबर असताना रूममेटने वेबकॅम चालू करून दुसऱ्या खोलीतून पाहिलं, ट्विटरवर लिहिलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहायचा बेत जाहीर केला. २२ सप्टेंबरला टायलरने आपलं आयुष्य संपवलं. कुणीही एकाच कारणाने असं करत नाही, त्याच्या मनात काय चाललं होतं हे आपण सांगू शकत नाही. पण त्याला काय सोसावं लागलं ते सगळ्यांसमोर आलं.

तो रूममेट भारतीय घरातला, प्लेन्सबोरोचा. त्याचं नाव मी इथे घेत नाही. तोही तेव्हा अठराचाच होता. २०१२मध्ये तो दोषी ठरला, तीस दिवसांची कैद झाली. पुढे २०१६मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि एका आरोपाची कबुली देऊन खटला मिटला. त्या काळात आपल्या घरांतून चर्चा झाली ती बहुतेक एकच: आपल्या मुलावर अन्याय होतोय का, त्याला देशाबाहेर काढतील का. ती काळजी मला समजते. पण माझ्या मनाला लागलेला प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या अशा खासगी गोष्टीची मजा करता येते, हे कुठल्याही हुशार, सुस्थितीतल्या मुलाला कुठून कळतं? त्या घराबद्दल मला काही माहीत नाही आणि बोलायचंही नाही. मी आपल्या घरांबद्दल विचारते आहे. विनोदी कार्यक्रमात बायकी चालणारा माणूस आला की आपण मुलांसमोर खदखदून हसतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर तसले विनोद पुढे पाठवतो. आपलं मूल दडणारं असेल किंवा हसणारं असेल. दोघांनाही शिकवण त्याच सोफ्यावर मिळते.

टायलरच्या आई, जेन क्लेमेंटी, श्रद्धाळू ख्रिश्चन. मुलाने सांगितलं तेव्हा त्या गोंधळल्या होत्या, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. नंतर त्यांनी आपलं चर्च सोडलं आणि पतीसह मुलाच्या नावाने संस्था काढली. आज त्या पालकांशीही बोलतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

या घटनेनंतर, २०११च्या जानेवारीत, न्यू जर्सीत छळवणुकीविरुद्धचा कडक कायदा आला. मुलं त्याला 'एचआयबी' म्हणतात. तक्रार आली की एका शालेय दिवसात चौकशी सुरू व्हावी लागते आणि दहा शालेय दिवसांत पुरी व्हावी लागते. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते. पार्सिपनी हाय असो की पार्सिपनी हिल्स, तिचं नाव आजच माहीत करून घ्या. आणि शाळेचा फोन आला की तुमच्या मुलाने कुणाला तरी छळलं, तर वकील शोधण्याआधी मुलासमोर बसा. त्या दुसऱ्या मुलाला काय वाटलं असेल हे त्याच्याकडून ऐका. कॉलेजच्या अर्जाची चिंता नंतर.

आता, मूल सांगायला आलंच तर. "नक्की का?", "कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?", "आजीला काय सांगू?" हे तिन्ही प्रश्न गिळा. जवळ घ्या. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं पुरे. रडू आलं तर रडा, पण सांत्वनाचं काम त्याच्याकडे देऊ नका. त्याच्या परवानगीशिवाय मावशीलाही सांगू नका, जिवाभावाच्या मैत्रिणीलाही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरातून तीव्र नकार मिळालेल्या अशा तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण, नकार न मिळालेल्या किंवा कमी मिळालेल्यांच्या तुलनेत, आठ पटींहून जास्त आढळलं. म्हणून हे इतकं कळकळीने सांगते आहे.

'बरं करणाऱ्या' डॉक्टरच्या शोधात कुणी मुलाला पुण्या-मुंबईला नेऊ नका. हा आजारच नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. आणि लग्न लावून देणं हा तर मोठाच अन्याय. नाशिक-साताऱ्याहून एक मुलगी सगळी स्वप्नं घेऊन इथे येते, तिची कागदपत्रंही नवऱ्याच्या हातात, आणि दोन माणसं आयुष्यभर एकमेकांसमोर गुदमरतात. तिचा यात काय दोष?

"ही अमेरिकेची हवा," असं ज्यांना वाटतं त्यांना माझी विनंती आहे, आपल्याच भाषेकडे पाहा. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ सालचं, त्यातली मित्रा एका मुलीच्याच प्रेमात असते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. ६ सप्टेंबर २०१८ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिकांवरचा कलम ३७७चा जाच काढला. न्यू जर्सीत तर ऑक्टोबर २०१३पासून दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न कायद्याने होतं. आणि आजी-आजोबांना कमी लेखू नका. त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलेलं असतं. अनेकदा आपणच त्यांच्या नावावर आपली भीती खपवतो.

ट्रान्स मुलांच्या पालकांची वाट जास्त अवघड आहे, ते मला दिसतं. बारशाला कानात सांगितलेलं नाव मूल सोडू पाहतं तेव्हा आत काहीतरी तुटतं. ते दुःख खरं आहे. ते समदुःखी पालकांजवळ मोकळं करा. दक्षिण आशियाई पालकांसाठी अरुणा राव यांनी सुरू केलेली 'देसी रेनबो पेरेंट्स अँड अलाइज' ही संस्था आहे. मुलाच्या जिवाची भीती वाटली तर ९८८वर रात्री-अपरात्री कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, पालकांनाही. मुलांना मनातलं बोलण्यासाठी न्यू जर्सीची 'सेकंड फ्लोअर' हेल्पलाइन आहे.

आपल्या कार्यक्रमांत आपण कॉलेज प्रवेशावर, मृत्युपत्रावर, गुंतवणुकीवर व्याख्यानं ठेवतो. या हिवाळ्यात एक दुपार यासाठी ठेवू या. एक समुपदेशक, ज्यांनी हे अनुभवलंय असे एक-दोन पालक, आणि चहा. मुलांना यायची सक्ती नको. हॉल मिळवायचं मी बघते, तुम्ही फक्त नवरा-बायको दोघंही या.