शोधनिबंध विकत न घेता कसा वाचावा?

पावसाळा सरला, की ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे म्हणजेच फ्लेमिंगोंचे थवे उतरू लागतात. ऐरोली, वाशी, नेरूळ येथे राहणाऱ्यांना हे पाहुणे चांगले परिचयाचे आहेत. खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली त्याची नोंद महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाली.

हे पक्षी खाडीच्या चिखलात काय खातात? पाणी दूषित झाले, तर त्यांच्या खाद्यावर काय परिणाम होतो? विज्ञान प्रदर्शनासाठी असा विषय घेतला, तर पाठ्यपुस्तक अपुरे पडते. ज्यांनी निरीक्षणे केली, मोजमापे घेतली, त्यांचा मूळ शोधनिबंध पाहावा लागतो. तो संगणकावर शोधला, की पुष्कळदा दहा-बारा ओळींचा गोषवारा तेवढा दिसतो आणि पुढे वाचण्यासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जातात. येथे बहुतेक जण शोध सोडून देतात. पण ही किंमत प्रकाशकाच्या दारावरची असते. त्याच निबंधाची दुसरी प्रत, अगदी रीतसर, अन्यत्र मोफत ठेवलेली असू शकते. ती कशी शोधावी, ते या पाठात पाहू.

प्रथम किंमत का असते, हे समजून घ्या. कथालेखकाला मानधन मिळते, तसे शोधनिबंध लिहिणाऱ्याला मिळत नाही. निबंध तपासणारे तज्ज्ञही हे काम बहुधा विनामूल्य करतात. प्रकाशक छपाई, संपादन व वितरण सांभाळतो आणि वर्गणी घेतो. निबंध छापील अंकांतूनच पोहोचत होते, तोवर ही पद्धत चालून गेली. संगणकाच्या जाळ्यावर दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. मग जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेला मोफत का वाचता येऊ नये, असा प्रश्न उभा राहिला. २००२ साली बुडापेस्ट येथून निघालेल्या जाहीरनाम्याने या विचाराला 'मुक्त प्रवेश' हे नाव मिळवून दिले.

आता शोधाच्या पायऱ्या पाहू.

पहिली पायरी : शब्द नेमका निवडा. रोहित, अग्निपंख, फ्लेमिंगो अशी एकाच पक्ष्याची अनेक नावे आहेत. शास्त्रीय नाव मात्र जगभर एकच असते. आपल्या खाडीत मोठ्या संख्येने येणाऱ्या लहान रोहिताचे शास्त्रीय नाव 'फीनिकोनायस मायनर'. ते रोमन लिपीत लिहून त्यापुढे ठाणे खाडीचे इंग्रजी नाव जोडा आणि 'गूगल स्कॉलर'वर शोधा. एखाद्या निबंधाच्या उजवीकडे दुवा दिसला, तर तेथे बहुधा पूर्ण प्रत मिळते. दुवा नसेल, तर खालच्या 'सर्व आवृत्त्या' अशा अर्थाच्या ओळीवर टिचकी मारा. प्रकाशकाकडे बंद असलेला निबंध लेखकाच्या संस्थेच्या संग्रहात खुला सापडू शकतो.

दुसरी पायरी : निबंधाचा डीओआय क्रमांक टिपून घ्या. तो नेहमी १० या आकड्याने सुरू होतो आणि प्रत्येक निबंधाचा वेगळा असतो. 'अनपेवॉल' ही मोफत सेवा या क्रमांकावरून खुली प्रत कोठे आहे, ते सांगते.

तिसरी पायरी : विषयाप्रमाणे भांडार गाठा. भौतिकशास्त्र व गणितासाठी 'आर्काइव्ह' हे भांडार १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केले. वैद्यक व जीवशास्त्रासाठी 'पबमेड सेंट्रल' २००० सालापासून आहे. कर्करोगावर संशोधन करणारी 'ॲक्ट्रेक' ही संस्था नवी मुंबईतच, खारघरला आहे. तेथील कामाविषयी वाचायचे असेल, तर शोध पबमेड सेंट्रलपासून सुरू करा. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात पाहावेत. स्थानिक खाड्या, नद्या, पिके यांची माहिती तेथे विशेष मिळते.

चौथी पायरी : आपल्या देशातील नियतकालिके विसरू नका. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिके अकादमीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यांतील 'रेझोनन्स' तर विद्यार्थी व शिक्षकांसाठीच आहे. मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'चे नियतकालिक १८८६ पासून निघते. त्याचे अनेक जुने खंड 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'त विनामूल्य आहेत. कच्छच्या रणातील रोहितांच्या वसाहतीवर सालिम अली यांनी १९४०च्या दशकात याच नियतकालिकात लिहिले होते.

पाचवी पायरी : लेखकाला पत्र लिहा. पूर्वी शास्त्रज्ञ एकमेकांना पोस्टकार्ड पाठवून निबंधाची छापील प्रत मागवत आणि ती टपालाने येई. आज ई-मेल पुरे. निबंधाच्या पहिल्या पानावर बहुधा लेखकाचा पत्ता असतो. आपण कोण, कोणत्या शाळेत, निबंध कशासाठी हवा, हे चार ओळींत नम्रपणे लिहा. आपले काम कोणी आवडीने वाचू पाहते, याचा शास्त्रज्ञांना आनंदच होतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना व संशोधन संस्थांना खुली करण्याची ही योजना आहे. शाळा मात्र तिच्यात येत नाहीत. म्हणून जवळच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटून, विद्यार्थ्यांना तेथे बसून वाचता येईल का, हे विचारावे.

प्रत मिळाली, की काम संपले असे समजू नका. आर्काइव्हसारख्या भांडारातील काही निबंध तज्ज्ञांनी अजून तपासलेले नसतात. पैसे घेऊन, न तपासताच काहीही छापणारी नियतकालिकेही आहेत. म्हणून लेखक कोणत्या संस्थेत आहेत, निरीक्षणे किती काळ घेतली, नमुने किती होते, हे पाहा. केवळ गोषवाऱ्यावर विसंबू नका. निष्कर्षाला घातलेल्या मर्यादा बहुधा निबंधाच्या शेवटी असतात.

करून पाहा : तुमच्या गावातील एक पक्षी, झाड किंवा जलाशय निवडा. वरील पायऱ्यांनी त्यावरचा एक पूर्ण, मोफत निबंध शोधा. त्यातील प्रश्न, पद्धत व निष्कर्ष प्रत्येकी दोन मराठी वाक्यांत लिहून वर्गात वाचा. एखादा शब्द अडला, तर वहीत टिपून ठेवा व शिक्षकांना विचारा. आणि निबंधात न सापडलेले एक उत्तरही नोंदवा. तुमच्या पुढच्या प्रकल्पाचा विषय कदाचित तोच असेल.