फॉरमॅट मारण्याआधी

घरातलं नेट गेलं की पहिला संशय संगणकावर येतो, आणि त्या संगणकावर लिनक्स असेल तर पुढची चौकशीच होत नाही. 'लिनक्स आहे ना, मग असंच होणार' असं म्हणून माणसं मोकळी होतात. या एका वाक्यापायी आमच्या घरातून जे गेलं ते परत येणार नाही. दुसऱ्या कुणाच्या घरातून ते जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मी ओरोसला राहते. आसपासच्या दुकानदारांचे आणि काजू प्रक्रिया करणाऱ्या काही जणांचे हिशेब घरी बसून लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. त्यामुळे दर महिन्याची वीस तारीख माझ्यासाठी महत्त्वाची. संगणक जुना आहे, पण त्यावरचं लिनक्स मिंट कधी अडलं नाही. परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज कडाडली, लाईट गेली आणि राऊटरमधून जळका वास आला. अ‍ॅडॅप्टरची पिन काळी पडली होती, राऊटरचा एकही दिवा लागत नव्हता. नेटवाल्याने नवा राऊटर आणून बसवला. घरातले सगळे फोन लगेच चालू झाले, टीव्ही चालू झाला. संगणक मात्र एकही पान उघडेना. खाली कोपऱ्यात 'कनेक्टेड' दिसत होतं, पण पुढे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामाला कुडाळला गेले असताना दुरुस्तीवाला येऊन गेला. घरी आईला म्हणाला, "ह्या लिनक्साक नवो राऊटर चालणा नाय, विंडोज घालूक व्हया." आणि कुणाला न विचारता, डिस्कवर काय आहे ते न बघता त्याने फॉरमॅट मारला. हिशेबांच्या फायली माझ्याकडे पेनड्राइव्हवर होत्या. पण बाबांनी वर्षानुवर्षं गावोगावच्या जत्रांमधून रात्रभर जागून रेकॉर्ड केलेले दशावताराचे प्रयोग त्याच डिस्कवर होते. त्यातले काही कलाकार आज हयात नाहीत. जुन्या माहितीवर नवी माहिती लिहिली गेली होती, त्यामुळे काहीच परत मिळालं नाही.

यात सगळ्यात वाईट गोष्ट कोणती, तर फॉरमॅट मारल्यावर नेट खरोखरच चालू झालं. त्यामुळे दुरुस्तीवाल्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. खरं कारण पुढे कसालला बहिणीच्या घरी सापडलं. तिच्याकडेही मिंट, तेही ज्याने आमच्याकडे बसवलं होतं त्याच माणसाने बसवलेलं, आणि तिच्याकडेही राऊटर बदलल्यावर नेमकं हेच झालं. या वेळी मात्र कशालाही हात लावण्याआधी आम्ही नीट बघितलं.

राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आपणहून एक पत्ता देतो, आणि बाहेर जायचं ते कुठल्या दारातून तेही सांगतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. फोन असाच पत्ता घेतो, म्हणून राऊटर बदलला तरी त्याचं काही अडत नाही. बहिणीच्या संगणकात मात्र प्रिंटर आणि सामायिक फोल्डर सापडावेत म्हणून पत्ता हाताने कायमचा घातलेला होता, आणि बाहेरचं दार म्हणून जुन्या राऊटरचा पत्ता: १९२.१६८.१.१. नव्या राऊटरचा पत्ता होता १९२.१६८.०.१. म्हणजे संगणक जिथे राऊटरच नाही तिथे जाऊन विचारत होता. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर 'मॅन्युअल' होतं. ते 'ऑटोमॅटिक' केलं, केबलची जोडणी बंद करून परत चालू केली, आणि नेट आलं. घरी येऊन माझी वही काढली. प्रिंटरसाठी लिहून ठेवलेला आकडा १९२.१६८.१.५०, आणि आमच्या नव्या राऊटरच्या पाठीवर छापलेला १९२.१६८.०.१. फॉरमॅटने लिनक्स घालवलं म्हणून नेट आलं नव्हतं. डिस्कवरच्या सगळ्यासोबत तो हाताने घातलेला पत्ताही पुसला गेला, म्हणून आलं होतं. हेच विंडोजवर घडलं असतं, तर विंडोजचंही नेट असंच बंद पडलं असतं.

हे आताच सांगायचं कारण असं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबवला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी धडधाकट संगणक घराघरांत आहेत आणि त्यांच्यावर लिनक्स घालणं हा चांगला मार्ग आहे. पण नेट अडलं की याच घरांमध्ये फॉरमॅटचा सल्ला सर्रास मिळणार. त्याआधी काय बघायचं ते क्रमाने सांगते. दोष सापडेपर्यंत संगणकाचं कुठलंही सेटिंग बदलायचं नाही. आधी फक्त नेट कुठे अडतंय ते शोधायचं.

पहिल्यांदा राऊटरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. 'एलओएस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. कुठे फांदी पडून फायबर तुटली असेल, नाहीतर जोड निसटला असेल. अशा वेळी घरात काहीही करून उपयोग नाही, सरळ नेटवाल्याला फोन करा.

मग फोन तपासा, पण त्याचा मोबाइल डेटा बंद करून. ही गोष्ट फार जण विसरतात. वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि 'फोन चालतो, संगणक चालत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. डेटा बंद केल्यावर फोनही अडला, तर दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. फोन चालला, तर दोष संगणकात किंवा संगणक आणि राऊटर यांच्या मध्ये आहे.

आता संगणकावर टर्मिनल उघडा. आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. पहिली 'आयपी ए': आय, पी, मोकळी जागा, ए. ही आज्ञा नुसतं दाखवते, बदलत काही नाही. केबलच्या ओळीत 'नो-कॅरिअर' दिसलं तर केबल निघालेली आहे, तुटलेली आहे किंवा पोर्ट गेलं आहे. आपल्याकडच्या दमट हवेत केबलच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. म्हणून आधी दुसरी केबल लावून बघा, मग राऊटरचं दुसरं पोर्ट. ओळ ठीक आहे पण पत्ताच नाही, किंवा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता नीट असेल तर पुढे चला.

दुसरी आज्ञा 'आयपी आर'. यात 'डिफॉल्ट व्हाया' च्या पुढे जो आकडा येतो ते तुमच्या संगणकाला माहीत असलेलं बाहेरचं दार. फोनमध्ये त्याच वायफायच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राऊटर' म्हणून आकडा असतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. जुळले नाहीत तर तुमचा दोष सापडला. बहिणीकडे आमचं उत्तर इथेच मिळालं.

आकडे जुळले तर 'पिंग' ही आज्ञा घ्या. ती माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि आजही हिच्याइतकं सरळ उत्तर दुसरी कुठली देत नाही. लिनक्सवर ती आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवावी लागते. आधी राऊटरच्या पत्त्याला पिंग करा, मग बाहेरच्या १.१.१.१ ला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राऊटर उत्तर देत नसेल तर दोष घरातल्या जोडणीत. राऊटर देतो पण १.१.१.१ देत नाही, तर दोष बहुधा राऊटर किंवा नेटवाल्याकडे. १.१.१.१ देतं आणि नाव टाकलं की अडतं, तर नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बंद पडली आहे. अशा वेळी जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घालून बघता येतं. राऊटरचं उत्तर कधी येतं, कधी येत नाही असं असेल, तर एकच पत्ता दोन यंत्रांकडे गेला असण्याची शक्यता आहे. लाईट जाऊन आली की काही राऊटर कोणाला कुठला पत्ता दिला ते विसरतात, आणि तुम्ही हाताने घातलेला पत्ता दुसऱ्याच फोनला देऊन बसतात. म्हणून प्रिंटरसाठी कायमचा पत्ता हवाच असेल तर तो संगणकात न घालता राऊटरच्या पानावर त्या यंत्रासाठी राखून ठेवावा.

या सगळ्या पायऱ्या पार झाल्या, तरी पानं उघडत नाहीत? मग संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाऊ शकते, आणि तसं झालं तर ब्राउझर सुरक्षित पानं उघडू देत नाही.

वायफायवाल्यांसाठी थोडं वेगळं. आपल्या घरांच्या भिंती जाड चिऱ्याच्या. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय त्यातून फार कमी पोचतं, २.४ चं बरं पोचतं. राऊटर पडवीत आणि संगणक आतल्या खोलीत असेल तर २.४ चं नाव निवडा, शक्य असेल तर सरळ केबल ओढा. वायफायचं नावच दिसत नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा वायफाय बंद केलेलं आहे का ते सांगते. लॅपटॉपवर ते एखाद्या बटणानेही बंद झालेलं असतं. लिनक्स अद्ययावत केल्यानंतर वायफाय गेलं असेल तर संगणक सुरू होताना जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा आधीचा गाभा, निवडून बघा. तो मेनूमध्ये ठेवलेला असतो.

दोन उपाय तर प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. एक म्हणजे लॅन केबल काढून फोन यूएसबीच्या वायरने जोडायचा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्स सहसा तो फोन लगेच ओळखतं. नेट आलं, तर ब्राउझर आणि बाकीची प्रणाली ठणठणीत आहे हे सिद्ध झालं, आणि वीस तारखेचं कामही पार पडलं.

दुसरा उपाय फॉरमॅटचा हट्ट धरणाऱ्यासमोर करायचा. मिंटचा पेनड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करू नका, नुसता वापरून बघा. डिस्कला धक्का न लावता हे चालतं. तिथे नेट आलं, तर केबल, पोर्ट, राऊटर सगळं ठीक आहे आणि दोष डिस्कवरच्या एखाद्या सेटिंगमध्ये आहे. फॉरमॅट करून जे कळणार ते असं काही न गमावता कळतं. त्यात डिस्क कुलूपबंद केलेली नसेल तर आतल्या फायली उघडून दुसऱ्या डिस्कवर उतरवूनही घेता येतात. आमच्याकडे एवढं झालं असतं तर बाबांची नाटकं आज आमच्याजवळ असती.

कुणी सांगितलं म्हणून 'सुडो'ने सुरू होणाऱ्या लांबलचक आज्ञा डोळे झाकून चिकटवू नका. त्या यंत्रावर काहीही करू शकतात. मिंटमध्ये डीएनएसच्या फायलीत १२७.०.०.५३ दिसतं, ते बिघाडाचं लक्षण नाही. ती फाइल पुसायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलण्याआधी जुनी नोंद लिहून घ्या, आणि फरक पडला नाही तर पूर्ववत करा.

आपल्या भागात विजेचा विचार केलाच पाहिजे. वळीव आणि परतीचा पाऊस, दोन्ही गडगडाटाचे. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण राऊटरचा अ‍ॅडॅप्टर आणि लॅन केबल आणतात. आभाळ भरून आलं की दोन्ही काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावर विजेचे खांब पाडले आणि कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी मोबाइलचाही भरवसा नसतो. म्हणून विवरणपत्र असो की परीक्षेचा अर्ज, शेवटच्या दिवसावर टाकू नका.

आणि एक काम आज, नेट सुरळीत चालू असतानाच करा. 'आयपी ए' आणि 'आयपी आर'चं उत्तर, राऊटरचा पत्ता, वायफायचा पासवर्ड आणि नेटवाल्याचा नंबर एका कागदावर लिहून राऊटरच्या बाजूला चिकटवा. मिंटचा एक पेनड्राइव्ह करून ठेवा. ज्या फायली पुन्हा मिळणार नाहीत त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. दुरुस्तीला कुणी आलं तर त्याला पहिला प्रश्न हा विचारा: "नेट नेमकं कुठे अडलंय?" याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याला डिस्कला हात लावू देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो. आणि घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या आईलासुद्धा, हे आधीच सांगून ठेवा.