मिठाच्या वाऱ्यात जुनी गाडी

प्रश्न : आमचं घर आगरला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मला एक जुनी गाडी घ्यायची आहे. शोभेला ठेवायची नाही, चालवत चालवत स्वतःच्या हाताने नीट करायची आहे. मनात प्रीमियर पद्मिनी आहे, कारण लहानपणी शेजारच्या चिकूवाडीतल्या शेठची फियाट आम्ही पोरं पुसायला धावायचो. मेव्हणा म्हणतो मारुती ८०० घे, गॅरेजवाला म्हणतो जीप घे. भाचा कॅनडात टोरांटोजवळ असतो. त्याचं म्हणणं, ‘मामा, तुमच्याकडे बर्फ नाही, तुम्ही सुखी. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, जुन्या गाडीचा पत्रा चार हिवाळ्यांत खलास.’ आम्ही खरंच सुखी आहोत का? आणि तिघांपैकी ऐकावं कुणाचं?
— एक वाचक, आगर, ता. डहाणू

उत्तर : भाच्याला कळवा की त्याच्याकडे मीठ ट्रकने टाकावं लागतं, तुमच्याकडे ते वाऱ्यावर बसून फुकट येतं, बाराही महिने. तुमच्या गावाचं नाव कशावरून पडलं ते गावची जुनी माणसं सांगतील, पण मराठीत आगर म्हणजे माडापोफळीची वाडी आणि आगर म्हणजे मिठागरही. जुन्या गाडीच्या दृष्टीने दुसरा अर्थ धरून चाला.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे आपण जन्मापासून पाहतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. म्हणून बारीक मिठापेक्षा जाडं मीठ जास्त चिकट होतं. हेच मीठ वाऱ्याने गाडीच्या पोटाखाली, दरवाज्याच्या आत, डिकीच्या सांध्यात जाऊन बसतं. मग पाऊस पडायचीही गरज राहत नाही. कोरडी दिसणारी गाडी आतून खाऱ्या पाण्याच्या पातळ थरात उभी असते, आणि त्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्याने गंजाचं काम भराभर चालतं.

त्यात तापमान. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना अशा रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. टोरांटोत थंडी कडक असते तेव्हा गंजही गारठलेला असतो. तिथली खरी नासाडी बर्फ वितळताना होते, किंवा मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये नेऊन लावली की होते. आपल्याकडे गॅरेजच काय, सगळी किनारपट्टीच उबदार. तेव्हा सुखी कोण, ते तुम्हीच ठरवा.

एक दिलासा आहे. वाऱ्यातलं मीठ किनाऱ्यापासून आत जाल तसं झपाट्याने कमी होतं. पहिल्या काही शे मीटरचा पट्टा सर्वांत वाईट. तलासरीकडे महामार्गाला लागलात की चित्र पुष्कळ बदलतं. तिकडे कुणी पाहुणे असतील, त्यांची पडवी रिकामी असेल, तर नातं जपा.

आता निवड. गाडीचं नाव शेवटी ठरवा, आधी पत्रा बघा. इंजिन कितीही थकलेलं असो, ते उतरवता येतं, लेथवर नेता येतं, सुटं करून पुन्हा जुळवता येतं. तुमच्यापासून वापीची औद्योगिक वसाहत काय लांब आहे? पण सडलेला सांगाडा दुरुस्त करायला बसलात की चालवणं संपतं आणि गाडी विटांवर चढते. विटांवर चढलेली किती जुनी वाहनं पुन्हा उतरतात, हे आपापल्या गावातल्या वाड्यांमध्ये डोकावून मोजावं. म्हणून चालती गाडी घ्या, आणि ती चालतीच ठेवा. एका वेळी एकच काम उघडायचं.

पाहायला जाल तेव्हा बरोबर लोहचुंबक, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि जुनं धोतर न्या. चुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्यांच्या तळाला, मडगार्डच्या कडांना, दाराखाली लांब जाणाऱ्या पत्र्याच्या पेटीला लावा. जिथे तो पकडत नाही, तिथे पत्र्याच्या जागी लांबी भरलेली आहे. पायाखालची मॅट उचला, स्टेपनीचा खळगा पाहा, बॅटरीखालची जागा पाहा. धोतर अंथरून खाली शिरा आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टण् आवाज आला तर ठीक, भद् आला तर नमस्कार करून परत या. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर हात फिरवा, पापुद्रे निघत असतील तर त्या बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. आणि ताज्या रंगाला भुलू नका. मी एकदा भुललो आहे. चकचकीत पांढऱ्या गाडीच्या दाराखालची पेटी उघडली तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर लांबी थापलेली. बोळ्यांवरची तारीख वाचून रंगकाम कोणत्या महिन्यात झालं तेही कळलं.

तुमच्या तीन सल्लागारांकडे येऊ.

जीपवाला गॅरेजवाला अगदीच चुकलेला नाही. जीपची चासी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. वरचे पत्रे सपाट, कुठलाही चांगला फॅब्रिकेटर वाकवून देईल. पत्रा सडला तरी गाडी मरत नाही. पण याच सोयीमुळे बाजारातल्या कितीतरी जीप तीन गाड्यांची हाडं जुळवून उभ्या केलेल्या असतात. आरसी पुस्तकात एक, रस्त्यावर दुसरंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. चासीवर ठोकलेला नंबर स्वतः वाचा आणि कागदाशी ताडून पाहा. तो घासलेला दिसला की पुढे बोलूच नका.

मेव्हणा डोक्याने बोलतोय. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत बनत होती. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. सुटे भाग डहाणूतच मिळतील आणि मेकॅनिक डोळे मिटून ती उघडतील. तोटा एकच, पत्रा पातळ. शिवाय वेगळी चासी नाही, पत्रा हाच सांगाडा. किनाऱ्यावर आयुष्य काढलेली ८०० वरून गोंडस आणि खालून जाळीदार असते.

पद्मिनीचंही तसंच, पत्रा हाच सांगाडा. पण पत्रा जरा जाड आणि यंत्र अगदी मोकळं. बोनेट उघडल्यावर हात घालायला जागा असते, ही गोष्ट आजच्या गाड्यांकडे पाहून कळते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट म्हणून ती निघू लागली, पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती. वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तरी भाग मिळतात. कुर्ल्याचा भंगार बाजार आहे, चोरबाजार आहे, आणि २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. कार्बोरेटर पिशवीत घालून, मांडीवर घेऊन घरी येता येईल असा हा छंद आहे. विरारची गर्दी मात्र सांभाळा. टॅक्सी म्हणून राबलेली गाडी खासगी करून विकायला काढली असेल तर टाळा. तिच्या पत्र्याची ठिगळं मोजता येणार नाहीत.

माझं मत विचाराल तर पद्मिनीच घ्या. पावसाळ्यातल्या एका रात्री हात काळे करून बसायला माणसाला काहीतरी ओढ लागते, आणि ती तुम्हाला फियाटचीच आहे. अट एवढीच की ती देशावरची असावी. नाशिक, सोलापूर, नगर, जिथे हवा कोरडी तिथली. डहाणू, वसई, अलिबाग, दमण यांपैकी कुठली असेल तर चुंबक दुप्पट वेळ फिरवा. आणि बाजाराला जायला स्कूटर ठेवा. एकुलती एक गाडी प्रकल्प झाली की घरात प्रकल्पाविरुद्ध आघाडी उभी राहते.

कागदांचं थोडक्यात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. सीमेपलीकडची गाडी स्वस्त दिसली तरी तिथलं ना-हरकत पत्र आणि इथला कर धरून बेरीज करा. ‘विंटेज’ नोंदणीच्या मोहात पडू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना मिळते, पण मग प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी बाहेर काढता येते. रोज घोलवडपर्यंत फेरी मारायची असेल तर ती नोंदणी तुमच्या कामाची नाही.

गाडी आल्यावर क्रम असा ठेवा : ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे, पेट्रोलची नळी. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर फेकून द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. क्रोमचा बंपर सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

कॅनडात जुन्या गाडीचे शौकीन हिवाळ्याआधी पोटाखाली तेल फवारून घेतात, आणि लाडकी गाडी बर्फाचे महिने बाहेरच काढत नाहीत. त्या दिवसांत एखादी भंगार गाडी वापरतात. आपल्याकडचा हिशेब कोळीवाड्यात तयार आहे. मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारतात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. पद्मिनीही तशीच शाकारा. मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत इंजिन, डायनॅमो, वायरिंग, सीट अशी छपराखालची कामं काढा. वेल्डिंग आणि रंग मात्र दिवाळीनंतर होळीपर्यंतच. ओल्या हवेत रंगावर पांढुरकी साय धरते, आणि रंगाखाली अडकलेली ओल आतून पत्रा खाते. पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, पत्रा कमी तापतो आणि वाकडा होत नाही.

शाकारणं म्हणजे प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळणं मात्र नव्हे. तिच्याखाली घाम सुटतो. छप्पर हवं, बाजू उघड्या हव्यात, खाली माती किंवा गवत नको, कोबा हवा. चिकूच्या झाडाखाली तर गाडी लावूच नका. रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी बोनेटवर जे सापडतं त्याने रंग जळतो. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन ‘फिरवून’ ठेवण्याची पद्धतही सोडा. इंजिन पुरतं तापलं नाही की सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. काढली तर अर्धा तास चालवा, नाहीतर झोपू द्या.

दरवाज्यांच्या आणि दाराखालच्या पेट्यांच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी ठेवा. पेट्यांच्या आत मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या. जळकं ऑइल फासण्याचा सल्ला हमखास मिळेल. त्याने रबरी बुश फुगतात, आणि जे ठिबकतं ते वाडीच्या मातीत जातं, मला तो पटत नाही. दर आठवड्याला गोड्या पाण्याचा जोरदार पाइप पोटाखालून मारा. ओहोटीला वाळू घट्ट झाली की बोर्डीच्या किनाऱ्यावर गाड्या उतरवायची हौस असते. तुमची उतरवू नका, फोटो वरून काढा.

प्रश्न : आमच्याकडे १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. इथेनॉलवालं पेट्रोल तिला चालेल का?
— एक वाचक, तलासरी

उत्तर : चालेल, थोड्या डागडुजीनंतर. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं किंवा चिरतं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची किट बदला. दुकानात इथेनॉलला टिकणारी नळी असंच मागा, पाण्याची नळी कापून लावणारे महाभाग भेटतील. इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलच्या दोनतृतीयांशच असल्याने अॅव्हरेज थोडं उतरेल. मिश्रण पातळ होऊन गाडी झटके देत असेल तर मेकॅनिकला जेट एक नंबर मोठा घालून पाहायला सांगा.

खरी भानगड पाण्याची. इथेनॉल पाणी ओढतं, आणि ते एका मर्यादेपलीकडे गेलं की दोघं पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतात. नेमकं तिथूनच पेट्रोल ओढलं जातं. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत ओली हवा कमी राहील. टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. कार्बोरेटरमधलं पेट्रोल मात्र काढून टाका. आणखी एक. इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं, तो पहिल्या काही टाक्यांत फिल्टरमध्ये येऊन अडकतो. तेव्हा आत दिसेल असा पारदर्शक फिल्टर लावा आणि एक जादा डिकीत ठेवा.