पहिला 'अ' आणि पहिले गाणे



आपल्यापैकी पुष्कळांनी पहिला 'अ' बासरला गिरवला आहे. वसंत पंचमीला आई-बाबांच्या मांडीवर बसून, गोदावरीच्या काठी, ज्ञानसरस्वतीच्या देवळात. व्यासमुनींनी रोज नदीतून तीन मुठी वाळू आणून देवीची मूर्ती घडवली, अशी तिथली कथा आहे. मोठे काम मूठमूठ करूनच होते, हे त्या कथेतून आपण घेऊ. आजचा धडाही तसाच आहे. आज आपण गाणे लिहायला शिकणार आहोत.

स्नेहसंमेलनात दरवर्षी आपण सिनेमाच्या चालीवर शब्द बदलून गातो. त्यात वाईट काही नाही. सुरुवात सगळे तशीच करतात. पण त्या गाण्यात आपले गाव नसते, आपली आजी नसते, आपली भाषाही उसनी वाटते. यंदा स्वतःचे एक गाणे लिहून पाहू.

गाण्याला शिक्षण लागते का?

जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करताना, जात्यावर बसताना त्या ओव्या रचत आणि गात. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्यांतल्या काही वेळोवेळी उतरवून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. जी ओवी कोणी उतरवून घेतली नाही, ती मात्र त्यांच्याबरोबरच गेली.

म्हणजे गाणे रचायला अक्षर लागत नाही, ते टिकवायला लागते. रचणे आणि टिकवणे, ही दोन्ही कामे आता आपली आहेत.

पायरी १ : कोण गाते आहे, आणि कोणाला?

ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी वर्षभरात ५६ गीते झाली. चाली सुधीर फडके यांच्या. त्या गीतांतून रामायणातली निरनिराळी पात्रे स्वतःच्या तोंडाने बोलतात, म्हणून प्रत्येक गीताचा सूर वेगळा लागतो.

तुम्हीही लिहिण्याआधी वहीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहा: गाणारा कोण, ऐकणारा कोण. नातू आजीला गातो आहे का? नदी गावाला गाते आहे का? हे ठरले की अर्धे शब्द आपोआप सुचतात.

पायरी २ : मोठे शब्द बाजूला, डोळ्यांना दिसलेले आधी

सरस्वतीवर गाणे लिहा म्हटले की वर्गात महान, वरदान, सन्मान, अभिमान असे शब्द रांगेने येतात. यमक जुळते, पण डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. त्याऐवजी आठवा: पाटी कोणत्या रंगाची होती? बोट कोणी धरले होते? तांदळात बोट फिरवताना गुदगुल्या झाल्या का? पहिला 'अ' सरळ आला की वाकडा? अशा पाच गोष्टी साध्या वाक्यांत लिहा. हीच आपली मूठभर वाळू.

पायरी ३ : अक्षरे मोजा

आपल्या अभंगाचे दोन प्रकार आहेत. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार; दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात दोन चरण, बहुधा आठ-आठ अक्षरांचे, आणि शेवटी यमक. सुरुवातीला आठ अक्षरांची ओळ सोपी जाते. ती केरवा तालाच्या आठ मात्रांत सहज बसते, म्हणून ढोलकीवर लगेच गाता येते.

मोजताना जोडाक्षर एकच धरायचे. 'अक्षर' या शब्दात अ, क्ष, र अशी तीनच अक्षरे. आता ही ओळ पाहा:

आजी धरी माझे बोट
(आ-जी-ध-री-मा-झे-बो-ट : आठ)

पुढच्या ओळी रचू:

आजी धरी माझे बोट,
पाटीवर रेघ हले;
'अ'चे पोट फुगले की
आजी म्हणे, "छान झाले!"

चारही ओळी बोटांवर मोजून पाहा. यात 'महान' नाही, 'वरदान' नाही, पण आजी दिसते.

पायरी ४ : ध्रुवपद

ध्रुवपद म्हणजे जी ओळ पुन्हा पुन्हा येते, आणि ऐकणारेही दुसऱ्या खेपेला सोबत गातात. ते छोटे असावे, तोंडात घोळणारे असावे:

गोदाकाठी, गोदाकाठी,
पहिली ती माझी पाटी

कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, "बाई, 'ठी' आणि 'टी' वेगळे आहेत." बरोबर आहे. हे अगदी काटेकोर यमक नव्हे. पण गाताना कानाला ते जुळते. गाण्यात शेवटचा निकाल कानाचा. मात्र यमकासाठी खोटे लिहू नका. पाटी काळी असेल तर 'निळी' हा शब्द जुळतो म्हणून ती निळी करू नये.

पायरी ५ : गाऊन पाहा, खोडा, पुन्हा लिहा

२०२३ साली ज्याला ऑस्कर मिळाले, ते 'नाटू नाटू' आपल्या तेलंगणातल्या चंद्रबोस यांनी लिहिले. त्यांनीच मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे गाण्याचा बराचसा भाग अर्ध्या दिवसात झाला, पण उरलेला थोडा भाग पुरा व्हायला सुमारे १९ महिने लागले. तेव्हा तुमची चौथी ओळ दोन दिवस अडली तर घाबरू नका. मोठ्याने गा. जीभ जिथे अडखळते, तिथला शब्द बदला.

एक अडचण, आणि तिचे उत्तर

वर्गात एका मुलीने गाण्यात आजीला 'नानम्मा' लिहिले आणि लगेच घाबरून खोडले. "मराठीच्या तासाला तेलुगू चालेल का?" असे तिने विचारले. मी म्हटले, "घरी काय हाक मारतेस?" ती म्हणाली, "नानम्माच." मग तेच राहू दे, असे सांगितले.

आपला भाग सीमेवरचा. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून निघून आदिलाबाद जिल्ह्यात आला. २०१६ पासून बासर निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले, पण घरातली बोली बदलली नाही. अक्का, अण्णा हे शब्द आपण आणि आपले तेलुगू शेजारी दोघेही वापरतो. खऱ्या हाकेने मराठी बाटत नाही. पण ज्या घरात मराठीत काही म्हटलेच जात नाही, तिथली मराठी मात्र हळूहळू मुकी होते.

पालकांना व विश्वस्तांना विनंती

जात्यावरची ओवी ही बहुतेक घरांची पहिली गाणी. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या ओठांवरच राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या घरची आजी त्यांच्या वाटेवर नव्हती. तिच्यापर्यंत आपणच पोचायला हवे.

पालकांनी एक संध्याकाळ काढावी. दूरदर्शन संच बंद ठेवावा, आजीला किंवा पणजीला एक तरी ओवी म्हणायला सांगावे आणि मुलाने ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी. शब्द 'शुद्ध' करू नये. त्या म्हणतील, "मला काही येत नाही गं." दुसऱ्यांदा विचारावे, बहुधा तिसऱ्या वेळी येते. फोनवर आवाजही टिपून ठेवावा. विश्वस्त मंडळाने या ओव्यांसाठी शाळेच्या ग्रंथालयात एक जाड वही आणि एक कपाट राखून ठेवावे, एवढेच मागणे आहे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातली, गावातली किंवा नदीवरची डोळ्यांनी पाहिलेली पाच चित्रे साध्या वाक्यांत लिहा.
२. त्यांतले एक निवडून आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी रचा. दुसऱ्या व चौथ्या ओळीचे यमक जुळवा.
३. दोन ओळींचे ध्रुवपद जोडा आणि घरच्यांना गाऊन दाखवा. ते सोबत गाऊ लागले तर ध्रुवपद जमले.
४. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक ओवी उतरवून आणा. खाली त्यांचे नाव, गाव आणि त्या कोणाकडून शिकल्या ते लिहा.

चुकले तर चुकू द्या. पहिला 'अ' कोणाचाच सरळ आला नव्हता. बोट धरणारे कोणीतरी होते, म्हणून तो आला. या खेपेला आजीचे बोट तुम्ही धरा.

— तुमच्या मराठीच्या बाई