‘तुम्हीच द्या काय द्यायचं ते’ म्हणणं आधी बंद करा: घरी जाऊन स्वयंपाक करून देण्याच्या धंद्याचा हिशेब

व्हिडिओत हिशेब जरा भरभर झाला, म्हणून तो इथे नीट मांडून देतोय. वही-पेन घेऊन बसा. मोबाईलवर नुसतं वाचून हा धडा उपयोगाचा नाही.

विषय आहे दुसऱ्याच्या घरी जाऊन, त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या आवडीचा ताजा स्वयंपाक करून देण्याचा. पुण्या-मुंबईत याला पर्सनल शेफ म्हणतात. आपल्याकडे साताऱ्यात-सांगलीत म्हणतात, "ती चार घरी स्वयंपाकाला जाते," आणि ते वाक्य कोणत्या सुरात म्हणतात तेही तुम्हाला माहीत आहे. काम बहुतेक तेच असतं. पण शेफ आधी दर सांगतो आणि मग तव्याला हात लावतो. आपल्या ताई पहिल्याच दिवशी लाजून म्हणतात, "तुम्हीच द्या काय द्यायचं ते." पुढे वर्षभर हाताला चटके आणि महिन्याला जेमतेम पैसे, हे त्याच वाक्यातून सुरू होतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, तुम्ही सातारा शहरात एका घरी रोज संध्याकाळी चार माणसांचा स्वयंपाक करता. चपात्या, एक भाजी, आमटी, भात. महिन्याचे ३००० ठरलेत, दिवस २६. तुम्हाला वाटतं, दीड तासाचं तर काम आहे. पण जायला वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं, ती कुणी मोजायची? एका दिवसाची १३० मिनिटं झाली. २६ दिवसांचे ५६ तास. जाऊन-येऊन ६ किलोमीटर धरले तर महिन्याला दीडशेवर किलोमीटर गाडी पळते, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे रुपयांचं पेट्रोल. उरले साधारण २६३०. भागा ५६ ने. तासाला ४७ रुपये.

हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. कारण या दरात तुम्ही कितीही चांगल्या सुगरण असलात तरी धंदा वाढत नाही. हाताखाली कुणी घ्यायचं म्हटलं तर तिला काय देणार?

आता उलट्या बाजूने या. तुम्ही ठरवलं, माझ्या तासाला निदान १०० रुपये पडले पाहिजेत. मग त्याच घराचे ५६०० आणि पेट्रोल धरून ६००० च्या आसपास होतात. समोरच्या वहिनी म्हणतील, "अगं बाई, एवढे?" इथे रक्कम कमी करायची नाही, काम कमी करायचं. "चपाती-भाजीच करून जाते, आमटी-भात तुम्ही लावा, मग एवढे होतील," असं सांगा. किंवा आठवड्यातून तीनच दिवस या. किंवा, सगळ्यात चांगलं, त्याच इमारतीत दुसरं घर मिळवा. दोन घरं एका जिन्यात आली की जाण्यायेण्याची चाळीस मिनिटं दोघांत वाटली जातात. एका घरामागे ११० मिनिटं, महिन्याचे ४८ तास, पेट्रोलही निम्मं. तोच १०० रुपये तास धरून दर ५००० च्या आत येतो. गिऱ्हाइकाचे हजार वाचले, तुमचा एक रुपया गेला नाही. म्हणून नवं काम शोधताना गावभर फिरू नका, आहे त्याच जिन्यात वर-खाली विचारा.

हा हिशेब जमायला एक गोष्ट लागते, आणि सुगरणींना तीच नको असते. माप. "किती मीठ घालता?" विचारलं की उत्तर येतं, "अंदाजानं." हाताला अंदाज असणं चांगलंच, पण अंदाजावर दर सांगता येत नाही आणि अंदाज दुसऱ्या बाईला शिकवता येत नाही.

याबाबतीत आपल्या सांगलीचंच उदाहरण आहे. कमलाबाई ओगले. जन्म कुंडलचा, शिक्षण चौथीपर्यंत, लग्न होऊन सांगलीत आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. १९७० मध्ये त्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घराघरांत गेलं. तुमच्याही माळ्यावर एखादी तेलाचे डाग पडलेली प्रत असेल. त्यांनी सगळी मापं वाटी आणि चमच्यात दिली. घरातल्या बाईकडे काटा नसतो, वाटी असते, एवढी साधी गोष्ट त्यांनी धरली. त्यामुळे कधी गॅसजवळ न गेलेल्या मुलीलाही पहिल्या खेपेला पदार्थ जमू लागला. मला विचाराल तर मराठी स्वयंपाकातलं व्यवसायाचं पहिलं पुस्तक तेच, जरी ते त्यासाठी लिहिलेलं नसलं तरी.

तर तुमचं काम हे. पुढचे पंधरा दिवस घरात जो स्वयंपाक कराल तो मोजून करा. एक किलो कणकेच्या तुमच्या हाताने चपात्या किती होतात? कुणाच्या ३० होतात, कुणाच्या ३५. ज्वारीच्या किलोभर पिठाच्या भाकरी किती? अख्खा मसूर दहा माणसांना किती वाट्या लागतो? आणि प्रत्येक पदार्थासमोर वेळ लिहा, चिरण्यापासून ओटा पुसेपर्यंत. भाकरीला वेळ जास्त जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण भाकरीच्या जेवणाचा दर चपातीच्या जेवणापेक्षा जास्त सांगणाऱ्या ताई मला फार थोड्या भेटल्या. घड्याळ लावून वीस भाकरी करा, मग संकोच वाटणार नाही.

आता गिऱ्हाईक कोण? सगळ्यांना सगळं करून देऊ म्हणालात तर दमून जाल. आपल्या दोन जिल्ह्यांत वेगवेगळी माणसं आहेत आणि प्रत्येकाची गरज वेगळी आहे.

साताऱ्यात, कराडात, सांगलीच्या विश्रामबागेत असे बंगले आहेत जिथे दोघं म्हातारी माणसं राहतात आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात असतात. इथे जेवणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. मुलाला काळजी असते की आई-बाबा वेळेवर जेवले का. त्याला दर रविवारी आठवड्याचा बेत व्हॉट्सॲपवर पाठवा, एवढ्यानेही तो निवांत होतो. पण बेत ठरवायचा आजी-आजोबांना विचारून, बरं का. जेवायचं त्यांना आहे.

मिरज तर दवाखान्यांचंच गाव. वॉनलेस मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, आणि बाहेरून, कर्नाटकातून सुद्धा, माणसं इथे उपचाराला येतात. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाला महिनाभर बिनतिखट, कमी मिठाचं लागतं आणि घरातली बाई थकलेली असते. हे काम थोड्या दिवसांचं असतं, त्यामुळे महिन्यावर नको, दिवसावर दर घ्या. पथ्य मात्र डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून लिहूनच मागा. "आमच्याकडे सगळ्यांना हे चालतं" असलं काही आपल्या मनाने करायचं नाही.

सांगली भागात जैन कुटुंबं बरीच आहेत. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, आणि बऱ्याच घरांत सूर्यास्ताच्या आत जेवण. पुष्कळ जणी हे काम अवघड म्हणून सोडतात. मी म्हणतो, हेच पकडा. साडेचार ते सहा तुम्ही तिथे असाल, आणि सात वाजता दुसऱ्या घरी. ज्या संध्याकाळी इतर जणी एकच घर करतात तिथे तुमची दोन होतात. फक्त त्यांचे नियम आधी बसून शिकून घ्या. चुकून लसणाचा हात लागला तर घर गेलंच.

आणि चौथं गिऱ्हाईक घाटावर. महाबळेश्वर, पाचगणी, वाईच्या बाजूचे भाड्याने मिळणारे बंगले. दहा-बारा जणांचा गट दोन दिवसांसाठी येतो, त्यांना पिठलं-भाकरी, खर्डा, मटण असं घरगुती हवं असतं. पैसे इथे जास्त मिळतात, पण फसगतही इथेच होते. पसरणी घाट चढून गेल्यावर कळतं की बंगल्यात चार माणसांची कढई आहे आणि शेगडी इंडक्शनची. भाकरी फुगवणार कशावर? म्हणून काम घेताना आधी ओट्याचा फोटो मागवा. मोठा कुकर, लोखंडी तवा आणि परात आपली न्या. अजून एक. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यातला भात आणि डाळ शिजायला खालच्यापेक्षा जास्त वेळ घेतात. जेवण नऊला सांगितलं असेल तर आणखी अर्धा तास आधी लागा.

रात्री परत कसं येणार, भांडी कोण घासणार, मुक्काम असेल तर खोली कुठली, हे दराच्याही आधी बोलून घ्या. बायकांनी तर मुक्कामाचं काम एकटीने घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोबतीण घ्या आणि तिची मजुरी दरात धरा.

आता किराण्याचं. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात.

मुंबईच्या गिरणगावात एके काळी सातारा-सांगलीकडून, कोकणातून गेलेले हजारो गिरणी कामगार खानावळीत जेवायचे. घरातल्या बायकाच त्या खानावळी चालवायच्या. कामगार पैसे द्यायचा पगार झाल्यावर, पण तांदूळ-डाळ तर रोज लागायची. मग ती वाण्याकडून उधार, नाहीतर सावकाराकडून व्याजाने. कष्ट बाईचे आणि मिळकत व्याजात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. त्या बायकांना स्वयंपाक येत नव्हता का? उत्तम येत होता. त्या गिऱ्हाइकाचं महिनाभराचं जेवण स्वतःच्या पैशाने चालवत होत्या, तिथे गाडी अडत होती.

तुमच्या धंद्यात हे टाळणं सोपं आहे. रोजच्या घरात किराणा त्यांचाच असतो, तो तसाच ठेवा. "येताना जरा कोथिंबीर-नारळ आणा, मग देते," याला गोड बोलून नकार द्या, नाहीतर महिनाअखेर दोनशे-चारशे कुठे गेले कळत नाही. बंगल्याच्या कामात यादी करून किराण्याचे पूर्ण पैसे आधी घ्या, पावत्या द्या, उरलेले परत करा. मजुरीचे निम्मे तारीख पक्की करताना. ऐन मे महिन्यात आदल्या दिवशी काम रद्द झालं तर ते निम्मे परत मिळणार नाहीत, हे आधीच मेसेजमध्ये लिहा. तोंडी ठरलेलं कुणाला आठवत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्नाचा धंदा म्हटला की एफएसएसएआयची नोंदणी काढून घ्या. छोट्यांसाठी ती साधी असते, फॉस्कॉसच्या संकेतस्थळावर अर्ज होतो आणि १४ अंकी नंबर मिळतो. बंगल्यांचे मालक हा नंबर विचारतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. भांडी, कुकर, जुनी स्कूटी घ्यायला मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं. आणि पुढेमागे स्वतःच्या घरून डबे सुरू केलेत तर घरगुती गॅस त्यासाठी वापरता येत नाही, व्यावसायिक सिलिंडर वेगळा घ्यावा लागतो.

"सर, आम्हाला हिशेब जमत नाही," हे मी दर वर्गात ऐकतो. माण तालुक्यातल्या म्हसवडला जा. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तर तो परत आला, कारण अर्जदार बायकांपैकी अनेक जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या लिहावाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, वाचता येत नसेल पण व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्याआधी. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तुम्ही तर दहावी-बारावी शिकलेल्या आहात, खिशात मोबाईल आहे.

वाढायचं कसं, हा शेवटचा प्रश्न. एका माणसाला दिवसाला तीन, फार तर चार घरं होतात. त्यापुढे दुसरी बाई लागते. तिला घ्यायच्या आधी तुमची मापाची वही पूर्ण झालेली असू द्या. पहिले आठ दिवस ती तुमच्यासोबत येईल, त्या दिवसांची मजुरी तुमच्या खिशातून. नवव्या दिवशी ती वही बघून एकटी करेल आणि तुम्ही नुसत्या चव घ्याल. घरमालकिणीला आधी सांगा की आठवड्यातले तीन दिवस ही येणार आहे, अचानक नवा चेहरा दारात उभा करू नका. त्या घराच्या पैशातला तिचा वाटा किती, तुमचा किती, हेही पहिल्याच दिवशी दोघींनी वहीत लिहून सह्या करा. नात्यातली असली तर नक्कीच करा.

पुढच्या व्हिडिओत आपण दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरचा हिशेब घेणार आहोत. तोपर्यंत तासाचा तुमचा खरा आकडा काढून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरच चालणार आहे.