दोन तरुण अध्यापक

जो विषय आपणांस कोणी कधी शिकविला नाही, तो इतरांस कसा शिकवावा, असा पेच इ. स. १९१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठातील दोन तरुणांपुढे उभा राहिला. एकाचे नाव मेघनाद साहा आणि दुसऱ्याचे सत्येंद्रनाथ बोस. दोघांचीही वये तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होती.

कलकत्त्याच्या अपर सर्क्युलर रोडवर १९१४ साली विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. सर तारकनाथ पालित आणि सर राशबिहारी घोष ह्या दोन नामांकित कायदेपंडितांनी त्यासाठी लक्षावधी रुपये दिले होते. हे द्रव्य योग्य कामी लावण्याची चिंता वाहिली ती सर आशुतोष मुखर्जी यांनी. ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, पण मनाने गणिती होते. विज्ञानाचे सर्वोच्च शिक्षण आपल्याच देशात, आपल्याच अध्यापकांकडून मिळावे, अशी त्यांची आकांक्षा होती.

परंतु मुहूर्त फारसा अनुकूल नव्हता. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. नव्या विभागासाठी नेमलेले एक प्राध्यापक, देवेंद्रमोहन बोस, अभ्यासाकरिता जर्मनीस गेले होते, ते तिकडेच अडकून पडले आणि १९१९ मध्येच परत येऊ शकले. दुसऱ्या आसनासाठी आशुतोषांनी चंद्रशेखर वेंकट रामन यांना निवडले. ते सरकारी अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून ते १९१७ मध्ये विद्यापीठात रुजू झाले. तोपर्यंत इमारत होती, पण शिकविणारे नव्हते.

अशा वेळी साहा आणि बोस यांच्यावर भार आला. दोघेही १९१५ मध्ये मिश्र गणित घेऊन एम. एस्सी. झाले होते. बोस पहिले आले, साहा दुसरे. साहांची वाट अधिक बिकट होती. आजच्या बांगलादेशातील ढाक्याजवळच्या एका खेड्यात, एका लहानशा दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बंगालच्या फाळणीच्या वेळी गव्हर्नरविरुद्धच्या निदर्शनामुळे त्यांना शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गमवावी लागली. पुढे कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांच्या जातीवर बोट ठेवून काही विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर पंक्तीस बसण्याचे नाकारले. हा अपमान गिळून त्यांनी अभ्यास चालू ठेवला.

गणितात निष्णात असलेल्या ह्या दोघांना आता पदार्थविज्ञान शिकवावयाचे होते; तेही जुने नव्हे, तर प्लांक आणि आइन्स्टाइन यांचे अगदी नवे. ते इंग्रजी पाठ्यपुस्तकांत अद्याप उतरले नव्हते. मूळ ग्रंथ जर्मन भाषेत होते, आणि युद्धामुळे जर्मनीहून पुस्तके येणे बंद झालेले. सुदैवाने शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ब्रूल नावाचे एक प्राध्यापक होते. वनस्पतिशास्त्राची आवड असलेल्या ह्या गृहस्थांच्या संग्रहात प्लांक, बोल्ट्झमान आदींचे जर्मन ग्रंथ होते. ते त्यांनी ह्या तरुणांस वाचावयास दिले. साहा पूर्वीच थोडे जर्मन शिकले होते. बोसांनीही ती भाषा आत्मसात केली. शब्दकोश जवळ ठेवून वाचावे, समीकरणे स्वतः सोडवून पाहावीत आणि मग तेच वर्गात समजावून सांगावे, असा अभ्यास सुरू झाला. अध्यापक आणि विद्यार्थी यांत अंतर असेल तर ते फार तर काही पानांचेच!

इ. स. १९१९ मध्ये सूर्यग्रहणाच्या वेधांवरून आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतास पुष्टी मिळाली आणि त्यांचे नाव जगभर गाजले. इकडे साहा व बोस यांचे काम आधीच चालू होते. आइन्स्टाइन यांचा १९०५ चा निबंध व मिंकोव्स्की यांचा निबंध साहांनी, आणि १९१६ चा व्यापक सापेक्षतेवरील निबंध बोसांनी इंग्रजीत आणला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी प्रस्तावना लिहिली. १९२० साली हे पुस्तक कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

विद्यार्थ्यांना उष्णतेचे शास्त्र शिकवीत असतानाच साहांना एका कोड्याने पछाडले. सूर्याच्या वातावरणात वरच्या थरांमध्ये, जेथे तापमान वाढत नाही असे तेव्हा मानीत, तेथे कॅल्शियमचे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू विशेष ठळक दिसतात. असे का व्हावे? साहांनी दाखविले की, हे केवळ तापमानावर नव्हे, तर दाबावरही अवलंबून असते. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी लवकर उकळते. त्याचप्रमाणे विरळ वायूत अणूपासून इलेक्ट्रॉन अधिक सहज सुटतो. ह्यावरून त्यांनी जे समीकरण मांडले, त्यामुळे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान ठरविणे शक्य झाले. हा निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली होती. मुंबईचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, तेच हे दानशूर व्यापारी. त्या शिष्यवृत्तीमुळे साहांना लंडन व बर्लिन येथे जाता आले.

बोस १९२१ मध्ये ढाक्याच्या नव्या विद्यापीठात गेले. तेथे प्लांक यांचा नियम वर्गात शिकविताना त्याच्या सिद्धतेतील एक सांधा त्यांच्या मनास पटेना. जे स्वतःला पटत नाही ते मुलांना कसे सांगावे, म्हणून त्यांनी निराळ्याच रीतीने तो नियम सिद्ध केला, आणि जून १९२४ मध्ये चार-पाच पानांचा तो निबंध थेट आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापविला. सोबतच्या पत्रात बोसांनी आपली ओळख दिली होती, ती अशी : काही वर्षांपूर्वी कलकत्त्याहून कोणी आपल्या निबंधांच्या भाषांतराची परवानगी मागितली होती, हे आपणांस कदाचित स्मरत असेल, ते पुस्तक निघाले आहे, आणि त्यातील व्यापक सापेक्षतेच्या निबंधाचे भाषांतर मी केले आहे.